चिरोट्यांची बासुंदी

भेंडवाडीत गेणू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा, तर आपण सांगू तेवढंच त्याला कळायचं. त्याच्या पुढचं नाही, मागचंही नाही. अंगाने धिप्पाड होता. नांगर धरला की बैल दमायचे, हा दमायचा नाही. खोटं मात्र त्याला कधी बोलता आलं नाही, कारण ते कसं बोलायचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

लग्नाला आठवडा झाला नसेल, तेव्हाची गोष्ट. त्याची बायको हौसा त्याला म्हणाली, "अहो, म्हशीला जरा पाणी दाखवून आणा." गेणूने म्हैस ओढ्यावर नेली. तिला पाणी दाखवलं. म्हशीने तोंड खाली घातलं तसं त्याने दावं ओढलं आणि तिला घरी आणली. संध्याकाळपर्यंत म्हैस रेकत राहिली.

"पाणी पाजलं नाहीत का हो?"

"तू दाखव म्हणालीस."

हौसाने कपाळाला हात लावला. "दाखवा म्हणजे पोटभर पाजा. आता मनाशी खूणगाठ बांधा."

मनाशी गाठ कुठे बांधायची ते गेणूला सापडलं नाही. त्याने उपरण्याच्या टोकाला बांधली. चार दिवसांनी हौसाच्या काकांना बरं नव्हतं. ती म्हणाली, "काकांना वैद्यबुवांना दाखवून आणा." गेणूने उपरण्याची गाठ चाचपली, काकांना वैद्यबुवांच्या ओट्यावर नेलं आणि तिथे बसवून त्यांना चार तांबे पाणी पाजलं.

तर असा गेणू. त्याला एक धाकटी बहीण होती, भामा. आईबाप गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. गेणूने तिला वाढवली. तिच्या वेण्या घातल्या, तिच्या तापात उशाशी बसला. आता ती लग्नाची झाली होती. मुलगी गुणी होती, दिसायला चांगली होती, पण दोन स्थळं दारापर्यंत येऊन परत गेली होती. पहिल्या स्थळाने विचारलं, "मुलगी घर डोक्यावर घेणारी नाही ना?" गेणूने वर आढ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "एकटीला उचलायचं नाही. मी हात लावीन." दुसऱ्यांनी विचारलं, "मुलीच्या हाताला चव आहे का?" गेणू म्हणाला, "चाटून बघितला नाही कधी." लोकांना वाटलं, हा आपली थट्टा करतोय. ते उठून गेले.

तिसरं स्थळ सोनेवाडीच्या तात्या शेवाळ्यांचं होतं. हे स्थळ हातचं गेलं तर पंचक्रोशीत चौथं उरलं नव्हतं.

आणि नेमकी अडचण आली. हौसाच्या भावाचं लग्न होतं. ते आटोपून सगळे एका संध्याकाळी परत आले. गाडीतून उतरताना हौसाचा पाय मुरगळला आणि घोटा भोपळ्यासारखा सुजला. दुसऱ्या सकाळी ती माजघरात बाजेवर पडून होती, पायाला आंबेहळदीचा लेप लावून. तेवढ्यात निरोप आला की तात्या आज दुपारीच येताहेत. गेणूची मावशी आली आणि भामाला आपल्या घरी न्हाऊ-माखू घालायला घेऊन गेली. म्हणाली, "बघायला यायच्या दिवशी मुलीने चुलीपुढे बसू नये. धुराने डोळे लाल होतात."

म्हणजे घरात उरले दोघं. एक उठू शकत नव्हती आणि दुसरा गेणू होता.

पाहुण्यांपुढे गोड काय ठेवायचं? घरात दूध होतं, साखर होती. शिवाय लग्नाहून आणलेला एक डबा होता. रुखवतातले उरलेले चिरोटे आणि करंज्या. तीन दिवसांचे, निम्मे मोडलेले, तेलकट झालेले. तसेच ताटात मांडले असते तर सोयरीक मोडलीच असती. पण हौसा हुशार होती. ती पडल्या पडल्या विचार करत होती.

"अहो, ऐका," ती म्हणाली. "आपण दूध आटवू. त्यात चिरोटे चुरून घालू, करंज्यांचं सारण घालू. चिरोटे दूध पितात आणि मऊ होतात. सगळं सायीसारखं दाट होतं. बासुंदीच्या वरताण लागतं. शिळं आहे हे कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"आणि कुणी विचारलं तर?"

हौसा सावध झाली. "कुणी काही विचारलं तर एवढंच म्हणायचं, आमच्या घरची पद्धत आहे. बाकी मी इथून सांगेन तेवढंच करा. स्वतःचं डोकं चालवू नका."

गेणूने मान ताठ धरली आणि डोकं अजिबात न हलवता स्वयंपाकघरात गेला.

मधे एक भिंत होती. हौसा भिंतीच्या अलीकडून बोलायची आणि गेणू पलीकडे करायचा.

"पातेलं चुलीवर ठेवलंत?"

"ठेवलं."

"सगळं दूध ओतलंत?"

"ओतलं."

"आता ते निम्मं करा."

थोडा वेळ गेला. गोठ्याचं दार वाजलं. मग गेणू म्हणाला, "झालं निम्मं."

"इतक्यात?"

"हो. निम्मं पातेल्यात आहे. निम्मं म्हशीला पाजलं. तिचंच होतं."

हौसाने डोळे मिटून घेतले. पाहुणे दुपारी येणार होते. रागवायलाही सवड नव्हती. "अहो, ओतून नाही कमी करायचं. कमी करायचं म्हणजे खाली जाळ घालायचा आणि वाट बघायची. बांधा खूणगाठ."

गेणूने उपरण्याला आणखी एक गाठ मारली. चूल पेटवली. मग त्याला बायकोची दया आली. तो माजघराच्या दारात येऊन म्हणाला, "पाय कसा आहे गं?"

"सूज काही कमी होत नाही बघा."

गेणू आत गेला. शेगडीत रसरशीत निखारे भरले आणि ती शेगडी आणून हौसाच्या बाजेखाली, बरोबर पायाच्या जागी सरकवली. मग बाजूला उकिडवा बसून वाट बघू लागला.

हौसाला आधी ऊब वाटली, मग ऊन लागलं, मग बाजेच्या काथ्याचा वास आला. एक पाय धड नसताना ती जी उडाली ती थेट भिंतीला टेकली.

"काय केलंत हे?"

"कमी करतोय."

"जाळ चुलीतच असू द्या. चुलीबाहेर नको. आणि जा तिकडे, दूध खाली लागेल. दूध खाली लागू देऊ नका."

गेणू धावत गेला. दूध खाली लागायला नको, म्हणजे खाली टेकायलाच नको. त्याने उपरण्याने पातेल्याचे काठ धरले आणि पातेलं छातीशी उचलून उभा राहिला. चूल खाली ढणढणत होती. गेणू वर उभा होता. हात भरून आले, पण त्याने पातेलं कुठे टेकवलं नाही.

बऱ्याच वेळाने हौसाने विचारलं, "उकळी आली का?"

"मला आली," गेणू म्हणाला. "दुधाला नाही."

चौकशी झाली, पातेलं खाली आलं. हौसाने सगळं सविस्तर सांगितलं, एका दमात. पातेलं चुलीवर ठेवा, हातात डाव घ्या, तळापासून ढवळत राहा, आणि काही झालं तरी हात थांबवू नका.

"हात थांबवायचा नाही," गेणू म्हणाला आणि गाठ बांधली. गाठ एका हाताने आणि दातांनी बांधली, कारण दुसरा हात ढवळत होता.

दूध छान आटू लागलं. कडेला साय धरू लागली. गेणूला आनंद झाला. इतक्यात बाहेर मांजर ओरडलं, म्हणून तो बघायला गेला. मग तो हौसाला सांगायला आला की मांजरच होतं. हौसाने बघितलं तर हा दारात उभा, हातात डाव, आणि डाव गरागरा हवेत फिरतोय. दुधाचे थेंब भिंतीवर उडताहेत.

"अहो, दूध कुठंय?"

"चुलीवर."

"मग हे काय ढवळताय?"

"हात थांबवू नको म्हणालीस ना."

हौसाने उशी तोंडावर दाबून घेतली. उशीतून तिचा आवाज आला, "कामाला लागलात की जागा सोडू नका."

गेणू जागेवर गेला. पाय असा रोवला की जणू वडाचं झाड. दूध आटलं. अगदी हवं तसं दाट, जरासं बदामी झालं. घरभर वास सुटला. हौसाने नाकाने अंदाज घेतला आणि तिचा जीव जरा भांड्यात पडला. हे ती मोठ्याने म्हणाली नाही ते बरं झालं.

"आता फळीवरचा चिरोट्यांचा डबा घ्या."

फळी चार हात लांब होती. गेणूने जागेवरून पाय न हलवता अंग लांब केलं. बोटं पोचेनात. त्याने डावाने डबा ओढला. डबा धाडकन खाली आपटला आणि त्याच्या पायाशी घरंगळत आला. आतल्या चिरोट्यांचा चुरा झाला.

"काय पडलं?"

"डबा. चिरोटे चुरले."

"चुरायचेच होते," हौसा म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी नीट झालं होतं. "आता करंज्या घ्या. त्या मात्र हलक्या हाताने फोडा. सारण सांडेल."

गेणूने दोन्ही हात पुढे धरून बघितले. हलका कुठला ते कळेना. उजव्या हातात चांदीचं कडं होतं, म्हणून डावा हलका असणार. तरी खात्री व्हावी म्हणून त्याने कडंही काढून ठेवलं आणि मग दोन्ही हातांनी करंज्या फोडल्या. सारण सांडलं नाही. गेणूला पटलं की हौसाचं सांगणं कधी वाया जात नाही. आपणच कुठेतरी कमी पडतो.

साखर पडली. चिरोट्यांनी दूध पिऊन घेतलं. सगळं मऊ, लुसलुशीत, डावाला धरून राहणारं झालं. आता शेवटचं एकच राहिलं होतं.

"डबीत चार वेलदोडे आहेत. ते सोलून टाका."

गेणूने वेलदोडे सोलले आणि खिडकीतून बाहेर टाकले.

वास येईना, म्हणून हौसाने विचारलं. तेव्हा ते कळलं. ती आता रडकुंडीला आली होती. "अहो, मी टाका म्हणाले ना, म्हणजे दुधात टाका. मी काहीही टाका म्हणाले तरी ते दुधातच. बांधा गाठ. घट्ट बांधा."

गेणूने गाठ बांधली. घट्ट बांधली.

आणि दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. तात्या शेवाळे आले होते. बरोबर त्यांची थोरली बहीण आत्याबाई होत्या, नवरा मुलगा वामन होता आणि गाडी हाकायला गाडीवान होता. तिकडून मावशीही भामाला घेऊन आली. भामाने हिरवं लुगडं नेसलं होतं. गेणूने खिडकीतून तिला बघितलं. परवापरवापर्यंत ही आपल्या बोटाला धरून चालायची.

"अहो," हौसा दबक्या आवाजात म्हणाली, "पाहुणे आले. पटकन घोंगडी टाका."

भिंतीपलीकडे धडपड ऐकू आली. मग गेणूचा आवाज आला.

"हौसा, घोंगडी मावत नाही गं."

"कशात मावत नाही?"

"दुधात. एक कोपरा गेला."

हौसा घाईघाईने म्हणाली, "काढा. बाहेर काढा. ओट्यावर पसरा. पाहुण्यांना बसायला."

गेणूने कोपरा पिळला आणि घोंगडी ओट्यावर पसरली. पाहुणे बसले. आत्याबाई ओल्या कोपऱ्यावर बसल्या. मांजर आलं आणि त्यांच्या मांडीपाशी घोंगडी चाटू लागलं. "गरीब आहे हो तुमचं मांजर," आत्याबाई कौतुकाने म्हणाल्या. "लळा लावतं."

भामा पाटावर बसली. तिला नाव विचारलं, तिने सांगितलं. वामनने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मग तो खाली बघत राहिला, पण कान लाल झाले. सगळं सुरळीत चाललं होतं. गेणूने वाट्या भरल्या आणि पाहुण्यांपुढे ठेवल्या.

तात्यांनी एक चमचा तोंडात घातला. थांबले. दुसरा घातला. डोळे मिटले. "हे काय आहे?" ते म्हणाले. "रबडी म्हणावी तर रबडी नाही. बासुंदी म्हणावी तर बासुंदी नाही. इतकं दाट?"

"आमच्या घरची पद्धत आहे," गेणू म्हणाला.

आत्याबाईंनी वाटीतून चिमटीने एक काळा तंतू काढला. "हे काय हो? केशर काळं असतं होय?"

"घोंगडी आहे ती."

"बासुंदीत घोंगडी?"

"आमच्या घरची पद्धत आहे."

तात्या खो खो हसले. त्यांना वाटलं, मुलीचा भाऊ विनोदी आहे. त्यांना विनोदी माणसं आवडत. आजवर दोन स्थळं ज्या बोलण्याने गेली, त्याच बोलण्याने तिसरं खूश झालं. नशीब म्हणतात ते हे.

वाट्या रिकाम्या झाल्या. गेणू आणखी वाढायला आला. तात्या म्हणाले, "नको नको. पुरे." गेणूने ऐकलं, पातेलं उचललं आणि आत नेलं.

हौसाने माजघरातून पातेलं परत आलेलं बघितलं. "का हो? वाढलं नाहीत?"

"नको म्हणाले."

"देवा. अहो, पाहुणा भुकेला असला तरी तोंडाने नकोच म्हणतो. नको म्हणजे हवं. आग्रह करायचा असतो. जितकं नको म्हणतील तितकं घाला."

"नको म्हणजे हवं," गेणू म्हणाला. उपरण्याला गाठ मारायला आता मोकळी जागा नव्हती. त्याने सदऱ्याच्या शेवाला मारली.

तो परत बाहेर गेला. तात्या म्हणाले, "नको हो." गेणूने एक डाव घातला. तात्यांनी वाटीवर हात ठेवला, "नको, खरंच नको." गेणूने हातावर दोन डाव घातले. तात्या उठायला लागले तसा त्याने खांद्याला धरून त्यांना खाली बसवलं आणि आणखी घातलं. माणसाला इतकं हवं असताना त्याला भुकेलं कसं ठेवायचं?

आत्याबाईंना मात्र खरोखरच आवडलं होतं. त्या वाटी पुढे करून म्हणाल्या, "मला हवं हो थोडं."

गेणूने त्यांच्याकडे बघितलं. बाईंना आवडलेलं दिसत नाही, त्याच्या मनात आलं. त्याने त्यांच्या हातातली वाटी हळूच काढून घेतली आणि मांजरापुढे ठेवली.

शेवटी हात धुऊन झाले. तात्यांनी बाहीवरची बासुंदी पुसली, मिशीवरची पुसली आणि गेणूजवळ आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "गेणूभाऊ, साधी माणसं आहात. आम्हाला अशीच माणसं पाहिजे होती. एक सांगून ठेवतो. आम्हाला तुमच्या घरातलं काहीएक नको. भांडी नको, कुंडी नको. आम्हाला फक्त मुलगी हवी."

गेणूचा चेहरा पडला. तात्यांना वाटलं, बहीण जाणार म्हणून भावाला भरून आलं. त्यांनी आणखी दोनदा खांदा थोपटला. मग सगळी मंडळी मावशीबरोबर मारुतीला नारळ ठेवायला गेली. भामालाही नेलं. गाडीवान तेवढा बैलांपाशी थांबला.

गेणू ओट्यावर बसला आणि त्याने हिशेबाने विचार केला. नको म्हणजे हवं. घरातलं काहीएक नको, म्हणजे घरातलं सगळं हवं. ते ठीक होतं. द्यायला त्याची ना नव्हती. पण मुलगी हवी म्हणाले. म्हणजे मुलगी नको. एवढी बासुंदी खाऊन, एवढं हसून, मुलगी नकोच. गेणूला फार वाईट वाटलं. भामाला कसं सांगायचं? पण पाहुण्यांनी एक मागितलं आहे तर ते तरी नीट द्यावं, असं त्याला वाटलं. तो उठला.

त्याने हंडे नेऊन गाडीत ठेवले. कळशा ठेवल्या. धान्याची कणगी ठेवली. जातं उचललं, तेही ठेवलं. गाडीवान म्हणाला, "तात्यांनी सांगितलंय का?"

"स्वतःच्या तोंडाने," गेणू म्हणाला. आणि ते खरं होतं.

पाट गेले, पातेलं गेलं, फळी भिंतीतून उपसून निघाली. म्हैस गाडीमागे बांधली. मग गेणू माजघरात आला. तिथे आता एकच वस्तू उरली होती, बाज. आणि बाजेवर हौसा. सकाळपासूनच्या त्रासाने तिचा डोळा लागला होता. गेणूने गाडीवानाला हाक मारली आणि दोघांनी बाज उचलली.

हौसा जागी झाली तेव्हा तिला आभाळ दिसलं.

"अहो, हे काय? कुठे नेताय मला?"

"सोनेवाडीला. पाहुण्यांना हवी आहेस."

"मला नको जायला."

गेणूला बरं वाटलं. तिचीही इच्छा होती तर. "हो हो, पाठवतोच आहे," तो म्हणाला आणि बाज कणगीवर चढवून दोरीने आवळली.

"नको हो. नको, नको, मला नाही जायचं."

"इतकं हवंय होय. आधी सांगायचं ना."

हौसाच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. "अहो, ते नको म्हणजे हवं पाहुण्यांपुरतं होतं."

"तूही आता त्यांची पाहुणीच," गेणू म्हणाला आणि गाठ पक्की केली. गाडी इतकी भरली होती की आणखी माणसं बसायला जागाच नव्हती. म्हणून त्याने गाडीवानाला सांगितलं, "तू हो पुढे. तात्या येतील मागून पायी." गाडी निघाली. वळणापर्यंत हौसाचं नको नको ऐकू येत होतं. गेणूने हात हलवून तिला निरोप दिला.

मंडळी मारुतीहून परत आली तेव्हा गेणू उघड्या जमिनीवर बसला होता. घरात बोललेलं घुमत होतं. तात्यांनी आत डोकावलं, बाहेर बघितलं.

"गाडी कुठंय?"

"गेली तुमच्या घरी. सगळं घालून दिलंय."

"सगळं म्हणजे?"

"हंडे, कळशा, जातं, म्हैस. आमची मंडळीसुद्धा."

"मंडळी कशाला?"

"तुम्ही घरातलं काहीएक नको म्हणालात ना."

"पण आम्ही मुलगी हवी म्हणालो होतो."

गेणूने डोळे पुसले. "ऐकलं मी ते," तो म्हणाला. "ठेवून घेतली आहे तिला. पण तात्या, नको होती तर असं तिच्यादेखत तोंडावर हवी म्हणायचं नव्हतं. पोरीच्या जिवाला काय वाटलं असेल."

भामा पुढे आली. भावाला ती जन्मापासून ओळखत होती. तिने विचारलं, "दादा, वहिनी आज तुला काय म्हणाली?" गेणूने सदऱ्याच्या शेवाची गाठ धरून सगळं सांगितलं. नको म्हणजे हवं आणि त्यामुळे हवं म्हणजे नको.

आत्याबाईंना आपली काढून घेतलेली वाटी आठवली. तात्यांना आपली भरलेली बाही आठवली. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मघाशी ते विनोद समजून हसले होते. आता त्यांना कळलं की हा माणूस विनोदी नाही, निव्वळ सरळ आहे. आणि पाच वर्षांची पोर या सरळ माणसाने एकट्याने वाढवली आहे. ते गेणूच्या समोर मांडी घालून बसले आणि त्याला समजेल अशा भाषेत बोलले.

"गेणूभाऊ, तुमची बहीण आम्हाला नको. मुळीच नको. आमच्या वामनलाही नको."

वामनने घाईघाईने मान डोलवली. "मला तर अजिबातच नको," तो म्हणाला.

गेणूचा चेहरा उजळला. त्याने उठून भामाच्या डोक्यावर हात ठेवला. मावशीने पदर डोळ्यांना लावला. सोयरीक पक्की झाली.

"आणि बरं का," तात्या म्हणाले, "तुमची मंडळी, म्हैस, हंडे, जातं, हे सगळं आम्हाला हवं. फार हवं."

"असं होय," गेणू म्हणाला. "मग परत आणतो." आणि तो पळत सुटला.

भरलेली गाडी जड होती. बैल रमतगमत चालले होते. गेणूने ओढ्यापाशी गाडी गाठली. वर बाजेवर हौसा बसली होती, केस विस्कटलेले, ओरडून ओरडून घसा बसलेला. गेणूला धावत येताना बघून तिला इतका आनंद झाला की सकाळपासूनचं सगळं ती विसरली. तिने दोन्ही हात पुढे केले.

"आलात का हो. मला घरी यायला हवंय."

गेणू जागच्या जागी थांबला. त्याला धाप लागली होती. "नीट सांग गं," तो म्हणाला. "तुला घर हवंय?"

"हवंय."

"आणि मी?"

"तुम्ही हवेत हो. शंभरदा हवेत."

गेणूने खाली मान घातली. लग्नाच्या बायकोने भर रस्त्यात शंभरदा नको म्हटल्यावर माणसाने आणखी काय करायचं? जबरदस्ती करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने बैलाच्या पाठीवर थाप मारली.

"हाक बाबा गाडी," तो गाडीवानाला म्हणाला. "तिची इच्छा नाही."